जुनी बीटल, गिअरचा दांडा पार ढिला झालाय, सुरुवात कुठून करू?

जुनाटगाडी:
मंडळी मदत हवीये. माझी १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे, चार गिअरची, इंजिन मस्त पण गिअरचा दांडा नुसता लोंबतोय, न्यूट्रलमध्ये कुठेही फिरतो आणि दुसरा टाकायला गेलं की कधी कधी रिव्हर्सच्या तोंडाशी जाऊन करकरतो. चौथ्यात खडखड पण येते, दांडा हाताने धरला की बंद. एक जण म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच एवढं आहे की बोल्ट आवळून भागेल?

नटबोल्ट:
गिअरबॉक्सला एवढ्यात हात लावू नका हो. बीटलचा गिअरबॉक्स मागे, दांडा पुढे आणि मधे टनेलमधून (गाडीच्या तळाच्या मधल्या पोकळ उंचवट्यातून) गेलेला लांबलचक रॉड, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचा थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) साठत जातो आणि हातात एकदम जाणवतो. आधी प्ले कुठेय ते शोधा, पार्ट नंतर मागवा. मागची सीट काढा (बॅटरी तिथेच असते, आधी निगेटिव्ह वायर सोडा), टनेलवर छोटं झाकण दिसेल, त्याच्याखाली कपलर, म्हणजे रॉड आणि गिअरबॉक्सला जोडणारा रबरी जोड. इंजिन बंदच ठेवा, कुणाला तरी पुढे बसवून गिअर टाकायला सांगा आणि तुम्ही कपलरवर नजर ठेवा. पुढचा भाग आधी हलला आणि मागचा उशिरा, तर कपलर गेला. दोन्ही एकदम हलतात पण त्याआधी दांडा बराच मोकळा फिरतो, तर दोष पुढे. आणि हात लावल्यावर थांबणारी खडखड म्हणजे बहुतेक टनेलमधला बुश, म्हणजे रॉडला आधार देणारी रिंग.

तेलकट_हात:
+१. दांडा खोलाल तेव्हा (दोनच बोल्ट, १३ चा पाना) खालची स्टॉप प्लेट (दांडा चुकून रिव्हर्सकडे जाऊ न देणारी पट्टी) बघा, तिची वर वळलेली कड उजवीकडे हवी. कुणीतरी आधी उलटी बसवून ठेवली असेल तर दुसरा आणि रिव्हर्सचा घोळ तिथूनच. दांड्याच्या खालच्या टोकाच्या गोळ्याला बारीक पिन असते ती पण तपासा, झिजली असेल तर दांडा स्वतःभोवती फिरतो, मग नुसता बुश बदलून काही मजा नाही.

चौथागिअर:
एवढं कशाला, गोळ्याभोवती रबराची पट्टी गुंडाळा, टाइट होतो.

नटबोल्ट:
@चौथागिअर भाऊ रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबावा लागतो, पट्टी घातली तर दाबणार कसा? शिवाय ग्रीस लागून रबर फुगेल ते वेगळंच.

जुनाटगाडी:
झाकण उघडलं. कपलरचं रबर हाताला लागताच भुगा होतंय, मागचा भाग चक्क उशिरा हलतो 😅 प्लेट बरोबर आहे, पिनही ठीक. बुश आत्ताच करू की कपलर टाकून चालवून बघू?

नटबोल्ट:
खडखड आहे ना, मग दोन्ही एकदमच करा. बुशासाठी रॉड कपलरपासून सोडवावाच लागतो, परत तेच कोण खोलणार. बुशाचं काम दांडा काढल्यावर दिसणाऱ्या त्या छोट्याशा भोकातून करायचंय त्यामुळे हात सोलणार हे धरून चाला, ग्रीस भरपूर लावा. कपलरचा चौकोनी डोक्याचा स्क्रू रॉडच्या खड्ड्यातच बसला पाहिजे आणि त्याला तार बांधायचीच, तो सुटला की रस्त्यात एकही गिअर पडणार नाही. शेवटी दांड्याचे बोल्ट अर्धवट आवळून दुसरा गिअर टाका, बेस थोडा मागेपुढे सरकवून सगळे गिअर रिव्हर्ससकट नीट पडतात का बघा आणि मगच फायनल आवळा.

तेलकट_हात:
आणि एवढं करूनही अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटत असेल तर गिअरबॉक्सचे माउंट (त्याला धरून ठेवणारे रबरी आधार) बघा, तेव्हा कळवा.