उपचार थांबवणं आणि मरण देणं
वर एकांनी लिहिलंय की २०१८पासून भारतात डॉक्टरांच्या मदतीने मरण घेता येतं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली ती बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवायला, आणि तसं आधीच लिहून ठेवायला. प्राणघातक औषध देणं आजही गुन्हाच आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर हे उपचार थांबवण्याबाबतचं इच्छापत्र होतं. २०२३ साली ही सवलत मिळाली, त्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागे.

अरुणा शानभाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर अनेक दशकं तिथेच भान हरपून पडून होत्या. त्यांना जगवणं थांबवावं अशी याचिका २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, त्यात केईएमच्या परिचारिकांचा विरोध मोलाचा ठरला. वर्षानुवर्षं त्यांना भरवणाऱ्या, स्वच्छ ठेवणाऱ्या त्याच होत्या. मला तो निकाल आजही पटतो, कारण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

स्वित्झर्लंडसारखा, मदतीने मरण घेऊ देणारा कायदा इथे लगेच आणू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे अतिदक्षता विभागाचं बिल अनेक घरं स्वतःच्या खिशातून भरतात. अशा घरातली आजी "मला सोडवा" म्हणते, तेव्हा ती वेदनेमुळे म्हणते की मुलाच्या कर्जामुळे, हे डॉक्टरने कसं ओळखायचं? आधी तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फीन आणि वेदनाशामक सेवा मिळू द्या.