लिमिटच्या वर होतो म्हणून 30 टक्के चूक माझी?

सरळरेषा (धागा सुरू करणारा):
मी मुख्य रस्त्याने सरळ चाललो होतो, लिमिट 50 ची आणि माझा स्पीड 65. बाजूच्या रस्त्यावरून एक गाडी न थांबता थेट माझ्यासमोर आली आणि मी तिच्या दारावर जाऊन आदळलो. कॉलरबोन मोडलं, गाडी भंगारात गेली. आता त्याचे इन्शुरन्सवाले म्हणतायत की तुमच्या गाडीतल्या रेकॉर्डरवर धडकेच्या आधीच्या 5 सेकंदांचा स्पीड आहे, त्यात 65 दिसतोय, म्हणून भरपाईतले 30 टक्के कापणार. अरे पण थांबायचं काम कोणाचं होतं? लिमिट मोडल्याचा दंड मी भरतो, त्याबद्दल तक्रारच नाही, पण दंड वेगळा आणि अपघात कोणामुळे झाला हे वेगळं ना?

काजवा:
नाही पटलं. जरा आकडे बघ. 50 ला सेकंदाला साधारण 14 मीटर जातो आपण. ब्रेकवर पाय पडेपर्यंत 1 सेकंद धर आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर पुढे अजून 14, म्हणजे 28 मीटरमध्ये गाडी उभी. 65 ला तेच 18 आणि 24, एकूण 42. म्हणजे ती गाडी 30 मीटरवर समोर आली असेल तर लिमिटमधला माणूस तिच्या अलीकडे थांबला असता आणि तू तिला 45 च्या आसपास धडकलास. हा अपघात तुझ्या स्पीडशिवाय झालाच नसता! मग 30 टक्के कमीच लावलेत म्हणेन मी.

उंबरठा:
काजवा, तुझं सगळं गणित त्या 30 मीटरवर उभं आहे. 15 मीटरवर आली असेल तर? मग 50 वालाही आदळणारच होता, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच 14 मीटर संपले.

स्पीड जास्त होता एवढ्यावर चूक ठरत नाही, त्या स्पीडमुळे काय झालं ते दाखवावं लागतं. 1899 सालचा पेनसिल्व्हेनियातला शुगर नॉच गावाचा खटला कायदा शिकणाऱ्यांना आजही शिकवतात. ट्राम चालवणारा लिमिटपेक्षा जोरात चालला होता, वादळात एक झाड नेमकं त्याच्या ट्रामवर पडलं, त्याने गावाकडे भरपाई मागितली तेव्हा गाव म्हणालं हळू चालला असता तर झाडाखाली आलाच नसता. कोर्टाने ते ऐकलं नाही, कारण अजून जोरात गेला असता तरी झाडाच्या पुढे निघून गेला असता. त्या क्षणी तिथे असणं हा योगायोग होता.

रातराणी:
झाड आणि माणूस यात फरक आहे हो! झाड रस्त्याकडे बघून अंदाज घेत नाही. वळणारा माणूस घेतो. मी स्वतः एकदा अशीच बाजूच्या रस्त्यावरून निघाले होते, थांबले, बघितलं, गाडी लांब वाटली म्हणून निघाले आणि ती दोन श्वासात माझ्या अंगावर. समोरून येणारा साधारण लिमिटनेच येत असेल हे धरूनच आपण सगळे वळतो, दुसरा काही मार्गच नाही, आणि तो अंदाजच जर समोरच्याने खोटा ठरवला तर सगळा दोष वळणाऱ्यावर कसा टाकणार? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या कायद्यात तर काही चौकांबाबत स्पष्ट आहे, बेकायदा स्पीडने येणाऱ्याचा आधी जाण्याचा हक्कच जातो.

सरळरेषा:
रातराणी, तुम्ही थांबलात. तो थांबलाच नव्हता. त्याने अंदाज घेतला असता तर मी हे इथे लिहिलंही नसतं.

जुना_सर्व्हेअर:
बरीच वर्षं क्लेमचं काम केलं म्हणून सांगतो, तुम्ही सगळे अपघात झाला की नाही एवढ्यावरच भांडताय, दुखापत किती वाढली हा प्रश्न वेगळा आहे आणि बहुतेक वेळा स्पीडचा खरा हिशोब तिथेच निघतो. धडकेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, 50 चे 65 झाले की जवळजवळ 1.7 पट. टक्क्यांचं काय ते तुम्ही कुठे आहात त्यावर. इंग्लंडमध्ये 1945 च्या कायद्यापासून आपल्या चुकीच्या हिश्श्याएवढीच भरपाई कमी होते, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तर तुमची थोडीशी चूक अपघाताला कारण ठरली तरी सगळा क्लेम जाऊ शकतो. जर्मनीत 130 हा हायवेवर नुसता सल्ला आहे, मोडला तर दंडही नाही, तरी 1992 मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने सांगितलं की त्याच्यावर चालवणाऱ्याला "अपघात मला टाळताच आला नसता" असं सहज म्हणता येणार नाही, 130 वरही तेवढंच लागलं असतं हे त्याने दाखवायचं.

तुमच्याकडे डॅशकॅम आहे का? असेल तर गाडी लेनमध्ये दिसल्यापासून धडकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 30 टक्के कुठून आणले ते त्यांना लेखी विचारा, बरेचदा तो नुसता सुरुवातीचा आकडा असतो.

काजवा:
हे मान्य. अंतर कळल्याशिवाय मी 30 मीटर धरायला नको होतं.

सरळरेषा:
काल रात्री बसून मोजल्या. सेकंदाला 30 फ्रेमचा कॅमेरा आहे, 36 फ्रेम भरल्या, म्हणजे 1.2 सेकंद. 65 ने तेवढ्यात साडेएकवीस मीटर. काजवाच्याच पद्धतीने करून बघितलं, 50 ला असतो तरी धडक झालीच असती, पण 34 च्या आसपास. माझी झाली 60 ला. जोर तिपटीहून जास्त. दोनदा करून बघितलं, तेच येतंय.

मला वाटलं होतं एक तर पूर्ण सुटेन नाहीतर पूर्ण अडकेन. अपघात त्याचाच, तो न थांबल्यामुळेच झाला यावर मी ठाम आहे आणि सरसकट 30 टक्के मान्य नाही. पण 34 ला हाड मोडलं असतं का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गाडीच्या नुकसानीचं आणि दवाखान्याचं वेगवेगळं मागणार आहे, फ्रेमचा हिशोब जोडून. दवाखान्याच्या भागात त्यांनी काही कापलं तर भांडणार नाही.

रातराणी:
अर्जात तो थांबला नाही त्या फ्रेम सगळ्यात आधी लावा. खांदा कसा आहे आता?