गुच्ची एन्व्ही बंद झालंय: उरलेलं कसं जपावं, आणि पुढे काय वापरावं?

निशिगंध
गुच्चीचं १९९७ चं एन्व्ही, म्हणजे मॉरिस रूसेल यांनी घडवलेलं बायकांचं परफ्यूम. बंद होऊन बरीच वर्षं झाली. ५० मिलिच्या बाटलीत साधारण १२ मिलि उरलंय. फवारल्यावर पहिली दहा मिनिटं येणारा तो हिरवा, नुकत्याच मोडलेल्या देठासारखा वास दुसऱ्या कशातच सापडत नाही, आणि तो संपणार हे खरंच मनाला लागतंय. जुनी बाटली ऑनलाइन मागवावी का? आज मिळणाऱ्यांत जवळचं काय? आणि हे १२ मिलि टिकवायचं कसं?

मरवा
आधी १२ मिलिचं बघा, बाकीचं नंतर. मोठ्या बाटलीत तळाशी थोडंच उरलं की वरची जागा हवेने भरते, आणि वास बिघडवते ती हीच हवा. १० मिलिची गडद काचेची स्वच्छ, कोरडी बाटली घ्या आणि मानेपर्यंत भरा. राहिलेले २ मिलि वापरायला.

मूळ बाटलीची मान धातूची कड दाबून बंद केलेली असेल तर उचकटू नका. स्प्रेचं डोकं सरळ वर ओढून काढा, खालच्या बारीक दांडीवर घट्ट बसेल अशी पोकळ नळी लावा (इअरबडची पोकळ दांडी पुष्कळदा बसते), नळीचं टोक नव्या बाटलीत आत सोडा आणि सावकाश दाबा. बाहेरून तोंडात फवारलं तर तुषारांबरोबर हवा मिसळते आणि सगळ्यात आधी उडतो तो नेमका तुमचा लाडका सुरुवातीचा वास.

झाकणाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप. बाटली खोक्यात, खोकं फ्रिजच्या मागच्या कप्प्यात. दारात नको, तिथे तापमान सारखं बदलतं. उघडण्याआधी तासभर बाहेर ठेवा, नाहीतर थंड काचेवर जमलेलं पाणी आत जाईल. मुंबई-कोकणाच्या दमटपणात हे फारच महत्त्वाचं. बाथरूममधली फळी तर विसराच.

वाळा
जुन्या बाटलीबद्दल माझं मत: जपून, आणि शक्यतो नकोच. एन्व्हीच्या हिरवेपणात हायसिंथ फुलाचा भाग मोठा आहे. तो वास देणारं नेहमीचं द्रव्य म्हणजे फिनाइलअसेटाल्डिहाइड, आणि ते हवेने बिघडतं, शिवाय आपोआप घट्टही होत जातं. म्हणजे बाटली जुनी झाली की तळातला मस्क (कस्तुरीसारखा वास) आणि आयरिस (एका फुलझाडाच्या मुळाचा वास) शाबूत राहतो आणि वरचं हिरवं मरतं. तुम्ही पैसे मोजणार ज्याच्यासाठी, तेच त्यात सगळ्यात कमी असणार.

तरी घ्यायचीच असेल तर आधी फोटो मागवा: उजेडासमोर धरलेली बाटली (रंग गडद झालाय का, पातळी कुठे आहे), तळाचा बॅच कोड (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) आणि खोक्यावरचा कोड. दोन्ही जुळले पाहिजेत. २००४ चं 'एन्व्ही मी' आणि पुरुषांचं १९९८ चं 'एन्व्ही फॉर मेन' हे वेगळे वास आहेत. विक्रेते नावं सर्रास मिसळतात. आणि "ताजा स्टॉक" असं लिहिलेलं दिसलं तर ती बाटली टाळा.

परफ्यूममध्ये अल्कोहोल असल्यामुळे हवाई टपालाने पाठवता येत नाही. देशातल्या देशात रस्त्याने जाणारं कुरियर विचारा.

कवठीचाफा
पर्यायांकडे वळू. पहिला वास घ्या शनेल नंबर १९ चा, त्यातही ओ द त्वालेत या प्रकाराचा. गाल्बनम (हिरव्या वासाचा डिंक) आणि आयरिस, दोन्ही ठळक. त्याचाच ओ द पर्फ्यूम प्रकार जास्त मऊ आहे आणि २०११ चं नंबर १९ पूद्रे तर पावडरीकडे झुकलेलं. या कामाला ते नको. दुसरं एस्टी लॉडरचं प्रायव्हेट कलेक्शन (१९७३): हिरवं, पण जड, थंडीत शोभणारं. शनेल क्रिस्टाल हलकं आणि लिंबाळ आहे, उन्हाळ्यात छान, टिकतं मात्र कमी.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. एन्व्हीत लिली ऑफ द व्हॅली या फुलाचाही वास आहे. त्या फुलातून तेल निघत नाही, तो वास रसायनांनीच उभा करतात. त्यातली दोन मोठी द्रव्यं युरोपात बंद झाली: लायरल असलेला माल २०२१ नंतर विकता येत नाही, लिलिअल मार्च २०२२ पासून बंद. त्यामुळे नव्वदच्या दशकातला तो ओलसर, पाणीदार फुलांचा वास आजच्या बाटल्यांत तंतोतंत मिळणार नाही.

नमुने कागदी पट्टीवर घ्या, एका वेळी तीनच. दहा मिनिटं, एक तास, चार तास अशा नोंदी ठेवा. आवडेल ते मग मनगटावर. एन्व्हीची पट्टी शेजारी ठेवू नका. तिच्यासमोर सगळंच फिकं वाटतं आणि चांगला पर्यायही हातचा जातो.

निशिगंध
मनापासून आभार. नंबर १९ वर वरून थोडं गाल्बनम लावून हिरवेपणा वाढवता येईल का? आणि अत्तरवाल्यांकडचं "एन्व्ही टाइप" (एन्व्हीच्या वासाची नक्कल केलेलं) तेल?

मरवा
येईल. गाल्बनम हिंगाच्या कुळातल्या झाडाचा डिंक आहे, फार जोरकस. थेट त्वचेवर नको. १० मिलि डायप्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये (वास पातळ करायचं द्रव) २ थेंब (१० मिलि म्हणजे साधारण २०० थेंब, तेव्हा एक टक्का). आठवडाभर ठेवा, कोपराच्या आत एक थेंब लावून २४ तास बघा. खाज नसेल तर मनगटावर एक थेंब आणि त्यावर नंबर १९. जास्त झालं तर कच्च्या वाटाण्याच्या शेंगा आणि मातीचा वास येतो.

वाळा
"टाइप" तेलात तळाचा मस्क जमतो, वरचं हिरवं क्वचितच. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे गेलात तर दुकानातच घासून निर्णय करू नका. ३ मिलिची कुपी घ्या, घरी सहा तास बघा. आणि तेल कपड्यावर नको, डाग जात नाही.