मदत हवी आहे: टीओएफ असलेल्या मुलीची एलएडी उजव्या कोरोनरीतून निघते, ऑपरेशन कसं ठरवायचं?

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी 14 महिन्यांची, वजन साडेसात किलो. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत इकोत टेट्रालॉजी ऑफ फॅलो (टीओएफ), हा हृदयाचा जन्मजात दोष निघाला. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. ऑपरेशनची मनाची तयारी झाली होती. पण त्याआधीच्या सीटी अँजिओत कळलं की हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एलएडी डावीकडून न निघता उजव्या कोरोनरीतून, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या नसेतून निघते आणि उजव्या कप्प्याच्या तोंडावरून आडवी जाते. टीओएफच्या शंभर मुलांत साधारण 5 ते 7 जणांच्या कोरोनरीची ठेवण वेगळी असते म्हणे.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. वाट मोठी करायला जिथे चीर देऊन पॅच लावतात, नेमकी तिथूनच ही नस जाते. ती कापली गेली तर डाव्या कप्प्याच्या मोठ्या भागाचं रक्तच तुटेल. म्हणून आधी वरच्या उजव्या कप्प्यातून आणि पल्मनरी आर्टरीतून (फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून) आत जाऊन अडथळा काढता येतो का बघणार. तेवढ्यानं भागलं नाही, तर नसेला हात न लावता कंड्युट, म्हणजे व्हॉल्व्ह असलेली नळी बसवणार. नळी मुलीबरोबर वाढत नाही, पुढे बदलावी लागेल. म्हणून ते म्हणतात, वजन वाढू दे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आत्ता बीटी शंट, म्हणजे फुफ्फुसाकडे जास्त रक्त जावं म्हणून छोटी नळी जोडायचं तात्पुरतं ऑपरेशन करून घ्या, मोठं ऑपरेशन नंतर.

थांबायला माझा जीव धजत नाही. सकाळी उठल्यावर रडायला लागली की आधी ओठ जांभळे होतात, मग नखं. धाप लागते आणि अंग सैल पडतं. गुडघे छातीशी दाबून धरते, तसं शिकवलंय. झटके कमी व्हावेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे औषध चालू आहे. तरी ते झटके हल्ली वाढलेत.

ज्यांच्या बाळाची एलएडी अशीच होती, त्यांनी काय केलं? नळी बसवली असेल तर मूल आता कसं आहे? कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, झटके वाढलेत हे आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. शंट की थेट ऑपरेशन हे त्यावरही ठरतं. अंग सैल पडून लवकर सावरली नाही तर सरळ इमर्जन्सीत न्या.

माझ्या मुलाचीही एलएडी अशीच होती. त्याला शेवटी नळी बसवावी लागली. आता शाळेत जातो, दर वर्षी इको असतो. दुसरं मत घेताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. नस व्हॉल्व्हपासून किती खाली आहे आणि तिच्या वरच्या जागेत छोटा पॅच बसेल का, हे विचारा. आमच्या सर्जननी सगळा निर्णय त्यावर घेतला होता.

तोवर जुलाब-उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, अशा मुलांचं रक्त आधीच घट्ट असतं. हिमोग्लोबिन भरपूर दिसलं तरी लोह कमी असू शकतं, ते तपासून घ्या. आणि खर्चाची चिंता असेल तर खारघरच्या सत्य साई संजीवनीत मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. फाईल घेऊन जाऊन या.

धागाकर्ती

दादा, आत्ताच फोन केला. उद्या सकाळीच घेऊन या म्हणालेत. सीडी बॅगेत ठेवली आहे.