पंधरवड्याचं ऊस बिल काढायला ७-८ मिनिटं लागतात, ५०४ येतोय, एपीआय कसा ठेवायचा?

ऊसबिल_डेव्ह

नमस्कार मंडळी. एका सहकारी साखर कारखान्याचं ऊस अकाउंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जँगोत लिहिलेलं, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि मागं रांगेतली कामं चालवायला रेडिसवर सेलरी नुकतंच बसवलंय. पंधरवडा संपला की काट्यावरच्या सगळ्या वजनपावत्या उचलायच्या, सभासदवार टनेज काढायचं, सोसायटीची वसुली आणि बाकीच्या कपाती लावायच्या, खात्यांवर नोंदी टाकायच्या, मग बँकवार यादी आणि प्रत्येकाचं बिल पीडीएफमध्ये. हंगाम भरात असला की सात-आठ मिनिटं सहज जातात.

आत्ता हे सगळं एकाच पोस्ट कॉलमध्ये होतं. जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नचा टाइमआउट आधीच वाढवलेला आहे, त्यामुळं एका मिनिटाला एनजिनएक्स ५०४ (वेळ संपली) देतो पण मागं काम चालूच राहतं, ऑपरेटरला वाटतं झालं नाही, तो परत बटण दाबतो आणि एकाच शेतकऱ्याच्या खात्यावर कपात दोनदा पडते. मग अकाउंटवाले रात्री उशिरापर्यंत उलट्या नोंदी घालत बसतात.

ऑफिसात म्हणतायत एनजिनएक्सचा टाइमआउट दहा मिनिटं करून टाक, मला ते पटत नाहीये. काम सेलरीत ढकलायचं, टास्क आयडी परत द्यायचा आणि स्क्रीननं विचारत राहायचं एवढं कळतंय, पण इंटरफेस नेमका कसा आखायचा? स्टेटस कोड कुठला, परत बटण दाबलं तर काय, चालू काम थांबवू द्यायचं का? आणि बँकेच्या सॉफ्टवेअरलाही हाच एपीआय द्यायचाय, यादी तयार झाली हे त्यांना कसं कळवायचं? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर १५ टक्के व्याज, त्यामुळं बिल एक दिवस अडलं तरी वरून फोन सुरू होतात.

रात्रपाळी

टाइमआउट वाढवू नकोस, तुझं बरोबर आहे. एनजिनएक्सचा `प्रॉक्सी रीड टाइमआउट` ६० सेकंदांचा असतो तो तू बदलशील, पण उद्या पुढं दुसरं काही आलं की त्याची मर्यादा वेगळी. ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर ६० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन तोडतो, एपीआय गेटवेची मूळ मर्यादा २९ सेकंद, ॲझ्युअर ॲप सर्व्हिसची २३०. आणि ऑपरेटरचा ब्राउझर बंद पडला किंवा तालुक्याला लाइट गेली तर यातलं काहीच कामाला येत नाही.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. बिल रन ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिची तुझ्या डेटाबेसमध्ये स्वतःची ओळ पाहिजे आणि स्वतःचा पत्ता पाहिजे. म्हणजे `पोस्ट /बिल-रन` आला की आधी टेबलात एक ओळ घाल (हंगाम, पंधरवडा, कुणी सुरू केलं, कधी, स्थिती), मग रांगेत टाक, आणि लगेच २०२ परत दे, `लोकेशन` हेडरमध्ये `/बिल-रन/८१७` असा पत्ता. २०२ चा अर्थ एवढाच की तुमची मागणी घेतली, पुढं काय होईल याची हमी नाही. आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकात २०२२ साली तेच परत लिहिलंय आणि एचटीटीपीमध्ये नंतर मागून दुसरा स्टेटस कोड पाठवायची सोयच नाही, म्हणून चौकशीचा पत्ता त्याच उत्तरात द्यायचा.

सेलरीचा टास्क आयडी बाहेर देऊ नकोस, हे खास सांगतो. सेलरीला एखादा आयडी माहीतच नसला तरी तो `पेंडिंग` म्हणतो. चुकीचा आयडी टाका, निकाल मुदत संपून उडालेला असू दे, रेडिस रिकामा झालेला असू दे, उत्तर पेंडिंगच. ऑपरेटर दिवसभर गोल फिरणारं चक्र बघत बसेल. तुझ्या स्वतःच्या टेबलात ओळ नसेल तर सरळ ४०४ (सापडलं नाही) देता येतो, आणि उद्या सेलरी काढून दुसरं काही बसवलंस तरी बाहेरच्यांना पत्ता लागत नाही.

चौकशीच्या `गेट` कॉलला (रनची स्थिती वाचणारा कॉल) उत्तर, रनची ओळ असेल तर, कायम २००, रन फेल झालेला असला तरी. कारण चौकशी यशस्वी झालीये, फेल झालंय ते बिल. बरेच जण इथं ५०० देतात आणि मग क्लायंटला कळत नाही की सर्व्हर पडलाय का रन पडलाय. फेल असेल तर आत कारण स्वच्छ लिही, कुठल्या सभासदाचा बँक कोड चुकलाय, कुठल्या पावतीला वजन नाहीये. 'काहीतरी चुकलं' असं लिहून कुणाचं बिल निघत नाही.

बॅकएंडवाली

रात्रपाळीशी सहमत. डबल कपातीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते कारण खरा धोका तिथं आहे आणि २०२ दिल्यानं तो अजिबात जात नाही, उलट वाढतो, कारण आता बटण पटापट दाबता येतं.

लोक पहिल्यांदा `आयडेम्पोटन्सी-की` हेडर सुचवतील. चांगला आहे, स्ट्राइपनं तो रूढ केला, क्लायंट एक युनिक किल्ली पाठवतो आणि तीच किल्ली परत आली की सर्व्हर नवं काम न करता आधीचंच उत्तर देतो. बँकेच्या बाजूनं येणाऱ्या कॉलसाठी ठेवा. पण तुमच्याकडं दोन वेगवेगळे ऑपरेटर दोन मशीनवरून एकच पंधरवडा सुरू करतील तेव्हा किल्ल्या वेगळ्या असणार आणि दोन्ही रन चालणार. म्हणून तुमच्या धंद्यातली खरी किल्ली वापरा: हंगाम आणि पंधरवडा. पोस्टग्रेसमध्ये पार्शियल युनिक इंडेक्स टाका, की या जोडीचा रद्द किंवा फेल नसलेला रन एकच असू शकतो. दुसरा पोस्ट आला की इंडेक्स अडवेल, तेव्हा तुम्ही ४०९ (आधीच्याशी टक्कर) द्या आणि सोबत चालू रनचा पत्ता द्या, म्हणजे स्क्रीन दुसऱ्या ऑपरेटरला थेट तिकडं नेईल, 'हा रन १०:४० ला अकाउंट विभागातून सुरू झालाय' असं दाखवेल. त्याला परत दाबावंसं वाटणारच नाही.

दुसरं. ओळ घालणं आणि रांगेत टाकणं यांच्यामध्ये एक फट असते. ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) व्हायच्या आधीच वर्करनं, म्हणजे रांगेतली कामं करणाऱ्या प्रोसेसनं, काम उचललं तर त्याला ओळ दिसतच नाही आणि तो 'रन सापडला नाही' म्हणून मरतो. जँगोत `ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट` मध्ये रांगेत टाका. आणि कमिट झालं पण रेडिस तेव्हाच बंद असेल तर ओळ 'रांगेत' म्हणून लटकत राहील, तर दर मिनिटाला अशा लटकलेल्या ओळी शोधून परत टाकणारं छोटं काम ठेवा.

तिसरं, वर्कर मधेच मेला तर काम परत मिळावं म्हणून तुम्ही `ॲक्स_लेट` (काम संपल्यावरच रांगेला पोच देणं) चालू कराल. करा, पण रेडिसवर सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात एक तासाचा असतो, तेवढ्यात पोच आली नाही तर तेच काम दुसऱ्या वर्करला जातं, पहिला जिवंत असला तरी. आज तुमचं आठ मिनिटांत होतंय, उद्या कुणी अख्ख्या हंगामाचं अंतिम बिल त्याच रांगेत टाकलं की दोन वर्कर एकच काम करतायत. म्हणून प्रत्येक कपातीच्या नोंदीवरच रन आयडी, सभासद आणि कपातीचा प्रकार असा युनिक इंडेक्स असूच द्या. रांग कधीतरी काम दोनदा देणार हे धरूनच लिहायचं.

ऊसबिल_डेव्ह

ताई, दादा, खूप आभार. हंगाम-पंधरवडा ही किल्ली समोर होती तरी त्या अंगानं विचारच केला नव्हता. अजून तीन गोष्टी. शेतकी अधिकाऱ्यांना टक्केवारीचा बार पाहिजे. अकाउंटंट म्हणतात चुकीचा दर टाकलेला लक्षात आला तर मधेच थांबवता आलं पाहिजे. आणि बँकेचे लोक म्हणतात आम्ही विचारत बसणार नाही, तुम्हीच आमच्या यूआरएलवर कळवा. मग पोलिंग, म्हणजे सारखं विचारत राहणं, काढून टाकू का?

पंचगंगा_काठ

पोलिंग काढू नका. वेबहुक, म्हणजे त्यांच्या यूआरएलवर आपणहून निरोप, द्या पण जास्तीची सोय म्हणून. बँकेचा सर्व्हर देखभालीला बंद असला, फायरवॉल बदलली, सर्टिफिकेटची मुदत संपली, की तुमचा निरोप गेला आणि पैसे अडले. चौकशीचा गेट असेल तर त्यांना संध्याकाळी एकदा बघून तरी घेता येतं. वेबहुकच्या आत यादी, रकमा, खाते नंबर काही भरू नका. फक्त रन आयडी आणि 'स्थिती बदलली' एवढंच, बाकी त्यांनी टोकन लावून गेट करून न्यायचं. म्हणजे निरोप दोनदा गेला, उलट्या क्रमानं गेला, तरी बिघडत नाही. निरोपावर एचएमएसी शा-२५६ नं (दोघांकडच्या गुप्त किल्लीनं) सही करा, सहीत वेळही घ्या म्हणजे जुना निरोप कुणी परत पाठवू शकत नाही. आणि त्यांना आधीच बजावून ठेवा की निरोप मिळाला की लगेच २०० द्या, प्रोसेसिंग नंतर करा. गिटहबसुद्धा समोरच्याला १० सेकंदच देतं.

पोलिंगला शिस्त मात्र लावा. चौकशीच्या उत्तरात `रिट्राय-आफ्टर` द्या, रन चालू असताना १० सेकंद, पंधरवडा संपतो त्या दिवशी रांग तुंबली असेल तर ३०. क्लायंटनं तेवढं थांबायचं. म्हणजे वेग तुमच्या हातात राहतो, नाहीतर प्रत्येक स्क्रीन दर सेकंदाला ठोकत बसते.

टक्केवारीबद्दल माझं मत वेगळं आहे. टक्के नका देऊ. पावत्या उचलायला अर्धा मिनिट आणि पीडीएफला पाच मिनिटं लागत असतील तर बार पहिल्या मिनिटात ४० वर जातो आणि तिथंच बसतो, मग अधिकारी म्हणतात हँग झालं. त्यापेक्षा टप्प्याचं नाव आणि आकडा द्या, 'कपाती लावतोय, १८,४०० पैकी ७,२५० सभासद'. शेतकीवाल्यांना सभासदांचा आकडा कळतो, टक्क्यानं त्यांचं काय होणार. आणि सोबत 'शेवटची हालचाल' ही वेळ द्या, वर्कर दर थोड्या वेळानं ती बदलेल. दोन-तीन मिनिटं ती हलली नाही तर वर्कर मेलाय असं सिस्टिमला ओळखता येतं आणि रन 'चालू' म्हणून अनंतकाळ पडून राहत नाही.

थांबवण्याचं कोडं तुम्ही काम दोन भागांत तोडलंत तर बरंच सुटतं. हिशोब आणि पीडीएफ हे कितीही वेळा करता येतं, कधीही थांबवा, कुणाचं नुकसान नाही. खात्यावर नोंदी टाकणं वेगळं. तर पहिला रन फक्त कच्चं बिल काढेल, अकाउंटंट दर तपासतील, मग `पोस्ट /बिल-रन/८१७/मंजुरी`, आणि त्यातून नोंदींचं दुसरं काम सुरू होईल, एका ट्रान्झॅक्शनमध्ये. पीडीएफ बाजूला गेल्यावर ते बरंच लवकर उरकतं. चुकीचा दर कच्च्या बिलातच पकडला जातो. रद्द करायची विनंती आली की लगेच 'रद्द' लिहू नका, 'रद्द होतंय' लिहा, वर्कर प्रत्येक गटानंतर ते बघेल आणि खरंच थांबल्यावर 'रद्द' करेल. मंजुरीनंतर रद्द मागितलं तर ४०९ आणि कारण.

ऊसबिल_डेव्ह

कच्चं बिल वेगळं काढायचं हे अकाउंटंटना आत्ताच फोनवर सांगितलं, ते म्हणाले हाताच्या वहीत आम्ही तसंच करत होतो. आता त्याप्रमाणंच मांडतो. शेवटचा प्रश्न, रन पूर्ण झाल्यावर चौकशीच्या पत्त्यावरून ३०३ देऊन थेट फाइलकडं पाठवू का? काही ठिकाणी तसं वाचलं.

रात्रपाळी

एचटीटीपीच्या दृष्टीनं ३०३ बरोबर आहे, पण तुझ्या केसमध्ये नको. बहुतेक क्लायंट रिडायरेक्टच्या मागं आपोआप जातात, मग स्क्रीननं स्थिती विचारली आणि हातात अचानक पीडीएफचा गठ्ठा आला असं होतं. शिवाय फाइल ॲमेझॉनच्या एस३ साठ्यावर सही केलेल्या लिंकनं ठेवलीस आणि क्लायंटनं स्वतःचा `ऑथरायझेशन` हेडर तिकडंही नेला तर एस३ दोन-दोन ओळखी बघून ४०० देतं, आणि ते शोधायला फार वेळ जातो. त्यापेक्षा उत्तर २००च ठेव, स्थिती 'पूर्ण', आणि आत दोन लिंक, बँकवार यादी आणि बिलं. सही केलेली लिंक प्रत्येक चौकशीला ताजी बनवून दे, पंधरा मिनिटं पुरतात, डेटाबेसमध्ये साठवू नकोस. फाइल किती दिवस राहणार ती तारीखही उत्तरात लिही. नंतर फाइल काढून टाकलीस तर फाइलच्या पत्त्यावर ४१० दे, पण रनची ओळ काढू नकोस. ऑडिटवाले हंगाम संपल्यावर येतात आणि कुठला पंधरवडा कुणी कधी मंजूर केला हेच विचारतात.