वॉक-ऑन पोरांच्या जिवावर न्याय?

ओहायोकर
आमचा धाकटा इथे अमेरिकेत एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघात दोन वर्षं वॉक-ऑन होता. म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती शून्य, फी आमच्या खिशातून, पण पहाटे साडेपाचला तलावावर शिष्यवृत्तीवाल्यांच्या आधी हजर. गेल्या वर्षी कोचने बोलावून सांगितलं, जागा नाही. कारण जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेली हाउस खटल्यातली तडजोड. पूर्वी एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची नियामक संस्था, प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्या मोजायची, आता ती तडजोड मान्य केलेल्या विद्यापीठांत संघातली डोकी मोजतात. पुरुषांच्या पोहण्याला ३० डोकी. खेळाडूंना पैसे मिळावेत म्हणून खटला, आणि घरी कोण बसलं? ज्याने एक डॉलर मागितला नव्हता तो.

टेनिसमामा
पोराचं वाईट वाटलं. पण दादा, अर्धाच हिशेब मांडलात. पुरुषांच्या टेनिसला पूर्वी ४.५ शिष्यवृत्त्या होत्या. साडेचार! त्याचे तुकडे करून आठ-नऊ जणांत वाटायचे. आता जागा १०, आणि दहाही जणांना पूर्ण देता येते. बेसबॉलला ११.७ होत्या, आता ३४ पर्यंत मुभा. वॉक-ऑनचं आपण उगाच कौतुक करतो. चार वर्षं फी भरून बाकावर बसणं कुणाला परवडतं? ज्याच्या बापाची ऐपत आहे त्यालाच.

ओहायोकर
'देता येते' आणि 'देतात' यात किती अंतर आहे ते पालकांना विचारा. सक्ती कुठे आहे? २०२५-२६ साठी एका विद्यापीठाने सगळ्या खेळाडूंना मिळून थेट वाटायची मर्यादा साधारण २.०५ कोटी डॉलर. वाढवलेल्या शिष्यवृत्त्या, २५ लाखांपर्यंत, त्यातच धरल्या जातात. फुटबॉल-बास्केटबॉलचं ताट आधी वाढलं जाणार, पोहणाऱ्यांना खरवड. आणि ऐपतीचं म्हणाल तर मी अजून कर्ज फेडतोय.

कागदवाली
मी एका कॉलेजच्या आर्थिक मदत विभागात काम करते, म्हणून मध्ये पडते. टेनिस-पोहण्यासारख्या खेळांत पूर्वी गरजेवर किंवा मार्कांवर मिळालेली कॉलेजची मदतही बऱ्याचदा संघाच्या शिष्यवृत्त्यांच्या कोट्यात धरली जायची. त्यामुळे गरीब, हुशार पोर कोचला 'महाग' पडायचं. २०२० पासून ते मोजणं थांबलं. वॉक-ऑनचं खरं भलं त्या बदलाने केलं, पण त्याची बातमी कुणी वाचली नाही.
ओहायोकर, मुलाचं नाव 'डेझिग्नेटेड' यादीत, म्हणजे या मर्यादेमुळे जागा गेलेल्यांच्या यादीत, आहे का? एप्रिल २०२५ मध्ये विल्कनबाईंनी तडजोड अडवून धरली ती याच पोरांसाठी. त्या यादीतली मुलं मर्यादेत मोजत नाहीत, दुसऱ्या विद्यापीठात गेली तरी.

ओहायोकर
आहे ना यादीत. कोच म्हणाला, नियम आड येत नाही, पण घ्यायलाच हवं असंही नाही.

टेनिसमामा
मग हा दोष नियमाचा की कोचचा?

सदाशिव_पेठ_ते_टेक्सस
फुटबॉलचं, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलचं, बोला की कुणीतरी. ८५ शिष्यवृत्त्या असायच्या आणि मैदानात सव्वाशे पोरं. आता सगळी मिळून १०५. बेकर मेफिल्ड दोन विद्यापीठांत वॉक-ऑन म्हणून शिरला आणि २०१७ ची हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, घेऊन गेला. शंभरावं-एकशे दहावं पोर कोण निघेल हे कोचला पहिल्या वर्षी कळतं होय?

टेनिसमामा
एक मेफिल्ड दिसतो. बाकीच्यांनी चार वर्षं सरावात नुसते धक्के खाल्ले, त्यांची नावं सांगा.

ओहायोकर
एक नाव माझ्या घरात आहे. त्याला विचारलं तर उद्या पहाटे परत धक्के खायला जाईल.