उन्हात बसून कोलेस्टेरॉल उतरतं का?

एकांनी लिहिलंय की कोवळ्या उन्हात बसलं की कातडीतल्या कोलेस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं, म्हणून कोलेस्टेरॉल आपोआप घटतं. अर्धंच खरं आहे हे. त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल असतं, ती कोलेस्टेरॉलच्या अलीकडची पायरी. त्यावर उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण पडले तर ड-३ (ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) बनू लागतं, नाहीतर त्याचंच पुढे कोलेस्टेरॉल होतं. पण हिशेब बघा ना! ड मोजतात मायक्रोग्रॅममध्ये (गोळ्यांवर लिहितात ते एकक आययू; ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम), आणि शरीर रोज कोलेस्टेरॉल तयार करतं ते एका ग्रॅमच्या आसपास. समुद्रातून तांब्याभर पाणी काढल्यासारखं आहे. शिवाय कोवळ्या उन्हात यूव्ही-बी फारसे नसतातच.

ड कमी असलेल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुष्कळदा जास्त सापडतं, हे खरंय. पण वजन जास्त असलं की ड चरबीत साठून रक्तात कमी दिसतं, आणि जो घराबाहेरच पडत नाही त्याचं ऊनही कमी, चालणंही कमी. मग खापर एकट्या ड वर का? अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत (निष्कर्ष २०१८) सुमारे २६ हजार लोक होते. रोज ड चे २००० आययू घेणाऱ्यांत पाचेक वर्षांनीही हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत.

तेव्हा ड कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, पण त्या भरवशावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध) बंद करू नका. आणि ड चं ते ६० हजार आययूचं सॅशे डॉक्टरांनी सांगितलंय तितकेच आठवडे. मनानं महिनोन्महिने चालू ठेवलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होऊ शकतो.